डाव्या कोपऱ्यातलं जनावर

त्या कॉलनीत ड्रोन उडवायला सगळ्यांत नालायक माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर साठही बिऱ्हाडांनी जपूनरावांकडे बोट दाखवलं असतं. तरीही एकमतानं निवड झाली ती त्यांचीच. कारण सभेत विचारलेला प्रश्न वेगळा होता: आजवर एकही वस्तू न हरवलेला माणूस कोण? जपूनरावांची छत्री अकरा वर्षं टिकली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोडेल म्हणून ते ती पावसात उघडतच नसत, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

जपूनराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. जिन्यात कुणी भेटलं की ‘जपून हं’ म्हणायची त्यांची सवय, त्यावरून ते पडलं. पण माणसाला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. सव्वीस वर्षं ते जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत होते, आणि त्यातही मृत्यूच्या टेबलावर. ‘मृत्यूचे कारण’ हा रकाना त्यांनी सव्वीस वर्षं सुवाच्य अक्षरात भरला. तुम्हाआम्हाला वाटतं माणूस चारपाच कारणांनी मरतो. जपूनरावांना चारशे पाठ होती. स्टुलावरून पडून, उचकी न थांबून, मोजा घालताना तोल जाऊन. अशा माणसाला रस्ता ओलांडायचा म्हटलं की आधी रकाना दिसतो, मग रस्ता.

कॉलनीच्या मागे एक दलदल होती. पुरुषभर उंच लव्हाळे, मुळाशी गुडघाभर पाणी आणि त्यात जांभळ्या पाणकोंबड्यांची वस्ती. कोंबडीएवढं पाखरू, लालभडक चोच, आणि स्वभाव असा की कुणी खिडकीत शिंकलं तरी गायब. जपूनराव रोज सकाळी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहत आणि अर्धा तास त्यांच्याकडे बघत बसत. दिवसभरात तेवढाच अर्धा तास त्यांच्या छातीतली धडधड थांबलेली असे. बायकोला ते एकदा म्हणाले होते, ‘ही पाखरं माझ्याहून घाबरट आहेत गं, आणि तरी त्यांचा संसार चाललाय.’

ह्या दलदलीत भराव टाकून गाड्या उभ्या करायला जागा करावी, असं चेअरमनच्या फार मनात होतं. चेअरमन म्हणजे शाळेतले निवृत्त खेळाचे मास्तर. नोकरी संपली तरी गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. पर्यावरण खात्याचं म्हणणं पडलं की आधी घरटी मोजा. चाळीस किंवा त्याहून जास्त भरली तर दलदलीला हात लावायचा नाही, एक जरी कमी भरलं तर खुशाल भराव टाका. पण पायी आत शिरायचं नाही, कारण माणसाची चाहूल लागली की पाखरं अंडी टाकून पळतात. तेव्हा वरून, ड्रोननं फोटो काढायचे. तो ड्रोन घेऊन खात्यातल्या एक बाई आल्या. कॉलनीनं पाच मिनिटांत त्यांचं पक्षीबाई असं नामकरण केलं. त्यांनी जपूनरावांच्या अकरा ठिकाणी सह्या घेतल्या, कोणतं बटण काय करतं ते दोनदा सांगितलं आणि चार पंख्यांचं ते यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवून निघून गेल्या. जपूनराव तासभर तसेच ताठ बसून होते.

‘श्वास घ्या,’ बायको म्हणाली, ‘चावत नाही ते.’

त्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायची पद्धत नव्हती. टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक होतं, फ्रिजच्या हँडलवर होतं, सोफ्यावर तर असं होतं की पाहुणा उठला की सोफा आवाज करी. वस्तू दुसऱ्याची, त्यात सरकारी, म्हणजे तर विचारायलाच नको. ड्रोनवर जिथे जिथे प्लास्टिक होतं तिथे तिथे ते जपूनरावांनी नीट जपलं. एका ठिकाणी सुटत आलं होतं, ते अंगठ्यानं दाबून परत चिकटवलं. त्या आठवड्यात काळजीनं त्यांचं डोकं दुखत होतं आणि अंगठ्याला कायम बाम लागलेला असे. पण ते असो.

आता सल्ले. आपल्याकडे ड्रोन आजवर कुणी पाहिलेला नसला तरी त्याबद्दल सल्ला सगळ्यांकडे तयार असतो. तळमजल्यावरचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, पहिल्या उड्डाणाला शेपटीला दोरी बांधा. ड्रोनला शेपूट नसते हे कळल्यावर म्हणाला, मग कुठेही बांधा. समोरच्या आजींनी सांगितलं, विजेच्या तारेला लागलं तर वीज रिमोटमधून हातात येते, त्यांच्या जावयाच्या साहेबांनी डोळ्यांनी पाहिलंय. जपूनरावांनी रबरी हातमोजे आणले. ते घातले तर बटणं दबेनात. शेवटी एका हातात मोजा आणि एक हात देवाच्या भरवशावर, असे ते रविवारी सकाळी गच्चीवर उभे राहिले.

ड्रोन उडाला. उन्हामुळे मोबाइलच्या पडद्यावर दलदल दिसायच्या ऐवजी त्यांचं स्वतःचं घामेजलेलं तोंड दिसत होतं. ‘ड्रोन डोक्यात पडून’ असं कारण त्यांनी अजून एकदाही भरलेलं नव्हतं, म्हणजे आता जागा रिकामी होती. पक्षीबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी दलदलीवर चार फेऱ्या मारल्या, ठरावीक वेळानं बटण दाबलं, बासष्ट फोटो घेतले आणि यंत्र परत गच्चीवर उतरवलं. एकही पाखरू उडालं नाही. पायऱ्या उतरताना जपूनराव शीळ घालत होते. बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना शीळ घालताना ऐकलं आणि तिला काळजी वाटली.

ती रास्त होती. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात मोठ्या टीव्हीवर फोटो लावले. फोटो जरा धुरकट होते. घरटी कुठली आणि गवत कुठलं ते काही कळेना.

‘हे काय आहे?’ चेअरमन म्हणाले.

फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, लव्हाळ्यांमध्ये, काहीतरी पसरलेलं होतं. लांबट अंग, मातकट रंग, अंगावर बारीक बारीक पट्टे आणि मागे निमुळती होत गेलेली शेपूट.

‘बिबट्या,’ इलेक्ट्रिशियन म्हणाला.

‘पट्टे आहेत. वाघ असणार.’

‘तरुणपणी बिबट्यालाही पट्टे असतात,’ समोरच्या आजी म्हणाल्या.

चेअरमननी पुढचा फोटो लावला. दलदलीची दुसरी बाजू होती. जनावर तिथेही होतं, डाव्या कोपऱ्यात. तिसऱ्यात होतं. दहाव्यात होतं. ‘म्हणजे ते ड्रोनच्या खालून खालून चालतंय,’ चेअरमन हळू आवाजात म्हणाले. ‘माग काढतंय.’ तिसाव्या फोटोत ते कॉलनीच्या कुंपणाशी आलं होतं. पंचावन्नाव्यात गाड्यांच्या मधे पडून होतं, नेमकं दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या स्कूटरजवळ. आणि शेवटचा, बासष्टावा फोटो होता ड्रोन गच्चीवर उतरतानाचा. त्यात पाण्याच्या टाकीला लागून तेच जनावर होतं, पण मांजराएवढं.

‘पिल्लू,’ कुणीतरी म्हणालं.

खोलीतल्या चाळीस माणसांनी एकदम छताकडे पाहिलं. जपूनरावांना आठवलं की तो फोटो निघाला तेव्हा टाकीपाशी ते स्वतः उभे होते, आणि मग शीळ घालत खाली उतरले होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं ते दोन दिवस परत आलं नाही.

त्या दोन दिवसांचं काय सांगावं? मुलांची शाळा बुडाली. कचरा टाकायला माणसं तिघातिघांनी, स्टीलची ताटं बडवत जाऊ लागली. गच्चीच्या दाराला आतून कपाट लावलं, त्यामुळे टाकीचा व्हॉल्व्ह कुणी उघडेना आणि सबंध इमारतीला पाणी नाही. वनखात्याला फोन केला तर तिथले साहेब म्हणाले, ‘फोटो पाणपक्ष्यांच्या मोजणीत आलाय ना? मग तो पक्षी विभागाचा.’ पक्षी विभागात फोन केला तर तिथला कारकून म्हणाला, ‘चार पायांचं आमच्याकडे येत नाही.’ जपूनराव स्वतः सरकारी माणूस. दोघांचंही म्हणणं त्यांना बरोबरच वाटलं, आणि त्यामुळे भीती आणखी वाढली.

ह्या सगळ्यात शांत होते ते एकटे चेअरमन. सोमवारी सकाळी ते नगरपालिकेला द्यायचा एक अर्ज घेऊन आले. कॉलनीमागच्या लव्हाळ्यांत प्राणघातक श्वापद असून जीविताला धोका आहे, तरी लव्हाळे तातडीनं साफ करावेत. खाली ‘प्रत्यक्ष छायाचित्रण करणाऱ्याची सही’ म्हणून जागा सोडली होती.

‘पण त्यात घरटी आहेत,’ जपूनराव म्हणाले.

‘आणि इथे तुमची बायको आहे,’ चेअरमन म्हणाले.

जपूनरावांच्या डोळ्यांसमोर रकाना आला, आणि त्यात बायकोचं नाव आलं. त्यांनी सही केली. सुवाच्य अक्षरात. आयुष्यात एखाद्या सहीची लाज वाटायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्या दिवशी ते खिडकीत गेले नाहीत. चहा त्यांनी भिंतीकडे तोंड करून घेतला. अर्ज मात्र दुपारीच मंजूर झाला, बुधवारी सकाळी बुलडोझर येणार असं ठरलं. भीतीचा कागद सरकारात फार जोरात पळतो, हे सव्वीस वर्षं नोकरी करूनही त्यांना ठाऊक नव्हतं.

मंगळवारी दुपारी पक्षीबाई धावत आल्या. त्यांनी फोटो पाहिले, मग ड्रोन उचलला, उलटा केला, आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर नख लावून पापुद्र्यासारखं काहीतरी सोललं. त्यांच्या बोटावर प्लास्टिकचा एक पारदर्शक चौकोनी तुकडा होता आणि त्या तुकड्यावर, एका बाजूला, बामचा पिवळट ठसा, शेवटी जरा फरपटलेला.

‘हे काढलं नव्हतं तुम्ही?’

‘नवीन होतं,’ जपूनराव म्हणाले. ‘म्हणून जपलं.’

पक्षीबाईंनी तो तुकडा उजेडात धरला. लांबट अंग, बारीक पट्टे, निमुळती शेपूट. साठ बिऱ्हाडं दोन दिवस ज्याला घाबरून दारं लावून बसली होती तो जपूनरावांचा अंगठा होता. उंचावरून काढला तर बिबट्याएवढा, गच्चीवरून काढला तर पिल्लाएवढा.

बायको हसायला लागली आणि हसता हसता भिंतीला टेकली. जपूनरावांना मात्र ब्रह्मांड आठवलं. अंगठ्याच्या भीतीनं त्यांनी एका वस्तीवर बुलडोझर आणला होता.

‘परत उडवा ड्रोन,’ ते म्हणाले. ‘आत्ता. मी उडवतो, मोजे न घालता.’

‘नाही उडवता येत,’ पक्षीबाई म्हणाल्या. ‘तुमच्याच अर्जामुळे. श्वापदाची नोंद झाली की त्या भागात पंधरा दिवस उड्डाण बंद.’

मग जपूनराव नगरपालिकेच्या ऑफिसात गेले. अर्ज मागे घेतो म्हणाले. तिथला कारकून वाईट नव्हता, त्यानं खुर्ची दिली. ‘जनावर आहे म्हणायला एक फोटो पुरतो,’ तो म्हणाला. ‘नाही म्हणायला तुम्ही कशाचा फोटो आणणार?’ जपूनरावांनी त्याला अंगठा दाखवला. त्याचा गैरसमज झाला.

कॉलनीतही कुणी ऐकून घेईना. दोन दिवस वाघ पाहिलेल्या माणसाला अंगठा पुरत नाही. चेअरमन तर म्हणाले, ‘अंगठ्याला शेपूट असते का?’ आणि मोकळे झाले.

बुधवारी आठ वाजता बुलडोझर आला. सगळी कॉलनी खिडक्यांत आणि गॅलऱ्यांत. ड्रायव्हर मिशीवाला, थोराड माणूस. त्यानं तंबाखू मळली, अर्जाची प्रत वाचली आणि बुलडोझरवरून खाली उतरला.

‘आत बिबट्या आहे?’

‘आहे ना,’ चेअरमन म्हणाले. ‘म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय.’

‘मग मी नाही जात. बुलडोझरला दार नाही.’

चेअरमन गडबडले. ‘तसा बिबट्या नाही. हे आमचे जपूनराव, हे सांगतात की तो अंगठा आहे.’

‘मग मला बोलावलंय कशाला?’

ह्यावर चेअरमननी दोनदा शिट्टी तोंडाला लावली, पण वाजवली नाही. मग त्यांचा चेहरा उजळला. ‘जपूनराव आत जातील. पलीकडच्या कडेपर्यंत जाऊन येतील. सुखरूप आले तर तुम्ही निर्धास्तपणे सफाई करा.’

‘थांबा,’ सकाळपासून कुंपणाशी उभ्या असलेल्या पक्षीबाई म्हणाल्या. ‘माणूस आत जाऊ नये, हे खरंय. पण हा बुलडोझर जाण्यापेक्षा माणूस बरा. जपूनराव, जाणारच असाल तर मोजत जा. हळू जा, हात लावू नका. प्रत्यक्ष पाहून मोजलेली चाळीस भरली तर मी इथेच मनाईचा कागद देते. पण एक जरी पाखरू अंड्यांवरून उठलं तर परत फिरा.’

सगळ्यांनी जपूनरावांकडे पाहिलं. बिबट्या नाही, हे त्या गर्दीत सगळ्यांत पक्कं कुणाला माहीत असेल तर त्यांना. पण भीतीला पुरावा दाखवून ती कधी जाते का हो? आत साप असेल. जळवा असतील. पाय रुतेल. ‘गुडघाभर पाण्यात बुडून’ हे कारण त्यांनी दोनदा भरलेलं होतं. त्यांना खिडकीत उभं राहून काढलेली सगळी वर्षं आठवली, आणि सोमवारची ती सही. त्यांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि बायकोकडे न बघता ते लव्हाळ्यांत शिरले. बघितलं असतं तर ते परत आले असते.

दोन पावलांत कॉलनी दिसेनाशी झाली. पाणी गार होतं. पायाखालचा चिखल बोटांमधून वर येत होता. जपूनरावांचे दात वाजत होते, ते त्यांनी ओठ मिटून आत कोंडले. एक पाऊल उचलायला ते मिनिट घेत, ठेवायला आणखी एक. आयुष्यभर लोक ज्याला हसत आले ती चाल तिथे बरोबर जमली. लव्हाळे वाकवून विणलेली टोपली, त्यात एक पाखरू, बाजूला वळवलेली लाल चोच. ते उठलं नाही.

‘एक,’ जपूनराव म्हणाले.

बाहेर तो आवाज बारीक ऐकू आला. मग दोन. मग बराच वेळ काही नाही, मग तीन. इलेक्ट्रिशियन कोळशानं भिंतीवर रेघा मारू लागला. समोरच्या आजी प्रत्येक आकड्याला हुंकार देत होत्या. वीस झाली तेव्हा डॉक्टर खाली उतरून आले. तीस झाली तेव्हा चेअरमन खुर्चीवर बसले. बायको काठावर जपूनरावांच्या चपला हातात धरून उभी होती आणि आकडा येईपर्यंत श्वास घेत नव्हती.

‘एकोणचाळीस.’

आणि मग काही नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. ड्रायव्हरनं तंबाखू थुंकून टाकली. ‘मी म्हणालो होतो,’ चेअरमन पुटपुटले, पण त्यांच्याही आवाजात दम नव्हता. बायकोनं चपला खाली टाकल्या आणि ती चिखलात उतरली.

लव्हाळ्यांच्या पार मधोमध जपूनराव मांडीपर्यंत रुतून उभे होते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर आणखी एक घरटं होतं आणि त्यात पाखरू बसलेलं. ते थरथरत होतं. जपूनरावही थरथरत होते. दोघं एकमेकांकडे एका डोळ्यानं बघत होते.

‘अहो, थांबलात का?’ बायकोनं कुजबुजत विचारलं.

‘पाय अडकलाय. ओढला तर आवाज होतो. आवाज झाला की हिचं अंग ताठ होतं.’

‘मग दोर मागवते. बुलडोझर बाहेर उभाच आहे. तो ओढेल.’

‘नको,’ जपूनराव म्हणाले. ‘ही उठून खायला जाईल ना, तेव्हा काढू पाय. तोवर उभा राहतो मी.’

‘आणि संध्याकाळपर्यंत नाही उठली तर?’

‘मला घाई नाही. हिनं मला घाबरून अंडी सोडली तर?’ ते कुजबुजले. ‘घाबरणं काय असतं ते मला माहीत आहे गं. मी कुणाला घाबरवणार नाही.’

तेवढ्यात पलीकडून लव्हाळे हलले आणि दुसरं पाखरू आलं. नर असावा. त्यानं जपूनरावांकडे पाहिलं, त्यांच्या बायकोकडे पाहिलं, जागच्या जागी गारठलं. मग एक एक पाय उचलत तो घरट्याशी आला. मादी उठली, तो बसला. अंडी क्षणभरही उघडी पडली नाहीत.

‘हे आळीपाळीनं बसतात,’ बायको म्हणाली. ‘घरटं रिकामं होणारच नाही कधी.’

‘मग आता?’

ती चिखलातून तशीच आवाज न करता पुढे आली. वाकून तिनं दोन्ही हात पाण्यात घातले आणि त्यांच्या पायाभोवतीचा चिखल बोटांनी उकरायला लागली, ढेकूळ ढेकूळ करून, अगदी सावकाश. जपूनराव तिच्या खांद्याला धरून उभे होते. बाहेर साठ बिऱ्हाडं कान देऊन थांबली होती. नर घरट्यात बसून होता, थरथरत. तो उठला नाही.

‘तुम्ही आकडा नाही सांगितलात,’ खाली वाकलेल्या बायकोनं आठवण केली.

जपूनरावांनी तोंड उघडलं, पण पाखरू इतकं जवळ होतं की त्यांना मोठ्यानं बोलवेना. तेव्हा त्यांनी तो आकडा तिच्या कानात सांगितला.